रेस दिली, गाडी हलेना!

सकाळचे पावणेसात वाजलेत. उमरी तालुक्यातल्या चार-पाच गावांतून पोरं गोळा करत निघालेली डिझेल व्हॅन आता मुदखेडच्या रस्त्याला लागलीय. पुढे नांदेड. तुम्ही मागच्या सीटवर, मांडीवर सॅक, कानात इअरफोन आणि डोक्यात दहा वाजताचा पेपर. एवढ्यात पुढून आवाज येतो, "आता काय झालं हिला? रेस घेईना की!"

इंजिन बंद पडलेलं नाही. ते आपलं शांतपणे गुरगुरतंय. पण ड्रायव्हरचा पाय तळाला टेकला तरी गाडीला त्याचं काही सोयरसुतक नाही. एक ट्रॅक्टर हॉर्न देत पुढे निघून जातो. व्हॅन घरंगळत कडेला थांबते, सगळे खाली उतरतात आणि पुढच्याच मिनिटाला तिथला प्रत्येक जण मिस्त्री होतो. "फिल्टर चोक झालाय." "पंप गेला, लिहून घ्या." "डिझेलात पाणी असंल." "सेन्सर उडाला." गंमत म्हणजे यातलं काहीही खरं असू शकतं.

हा सीन मी डोक्यातून काढलेला नाही. ती व्हॅन माझ्या मामांची आणि गोष्ट मागच्या हिवाळी परीक्षेची. त्या दिवशी गाडीतली एक मुलगी पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाल्यावर वर्गात शिरली. मामांनी त्या दिवसाचं भाडं कुणाकडूनच घेतलं नाही, पण महिन्यावर ठरलेले दोन जण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गाडीनं जायला लागले. व्हॅनवर हप्ता आहे. पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नव्हता.

आधी खर्चाचं सांगतो. पहिल्या गॅरेजनं डिझेल फिल्टर बदलला. दोन दिवस गाडी नीट चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजनं स्कॅनर लावला, त्यात आलेला कोड न सांगताच उडवून दिला, ईजीआर खोलून साफ केला आणि वर म्हणाले, "पंप काढावा लागंल." एव्हाना अकरा हजार गेले होते. शेवटी जे निघालं ते अडीचशे रुपयांच्या आतलं होतं. ते काय, हे पुढे येईलच. पण त्याआधी जे कळायला हवं होतं ते कळलं असतं, तर हे अकरा हजार वाचले असते. आणि ते समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

निरोप, डिझेल, हवा

डिझेल गाडीत ‘रेस देणं’ म्हणजे नेमकं काय? पेट्रोल गाडीत पाय दाबला की हवेच्या वाटेतली एक झडप उघडते. हवा जास्त आत जाते आणि तिच्या हिशेबानं पेट्रोल सोडलं जातं. डिझेलचं उलटं आहे. तिथं हवा जवळपास मोकळीच येते, आणि तुमचा पाय सांगतो ते डिझेल किती सोडायचं ते. (नव्या डिझेल गाड्यांतही हवेच्या वाटेवर एक झडप असते, पण तिचं काम वेगळं, मुख्यतः धुराच्या बंदोबस्ताचं.)

म्हणजे पाय दाबल्यावर गाडी पळायची असेल तर तीन गोष्टी जागेवर लागतात. पायाचा निरोप पोचला पाहिजे, टाकीतून नोजलपर्यंत डिझेल पोचलं पाहिजे आणि ते जाळायला हवा पाहिजे. रस्त्यावर उभं राहून जे चार जण चार निदानं करत असतात, ते खरं तर या तीन वाटांपैकी आपापल्या आवडीची एक वाट निवडत असतात. प्रश्न आवडीचा नाही. कुठली वाट तुटलीय हे गाडी स्वतः सांगते, फक्त विचारावं लागतं.

पूर्वी निरोपाची भानगडच नव्हती. पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटाडोर 1969 मध्ये आली आणि पुढे आपल्याकडे कितीतरी व्हॅनना लोक मॅटाडोरच म्हणू लागले. तसल्या गाड्यांत पेडलपासून पंपापर्यंत सरळ एक वायर जायची. वायर तुटली तर डोळ्यांना दिसायची, आणि सुतळी बांधून गाडी घरापर्यंत आणणारे ड्रायव्हर अजून गावागावात भेटतील. आता ती वायर गेली. पेडलला सेन्सर आहे, तो ईसीयूला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, व्होल्टेज पाठवतो आणि कॉम्प्युटर ठरवतो डिझेल किती सोडायचं.

बारावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमधला पोटेन्शिओमीटर आठवतोय? ती लांबलचक तार, जिच्यावर जॉकी सरकवत आपण शून्य शोधायचो आणि शेवटी शेजारच्याचं रीडिंग उतरवायचो? पेडल सेन्सर मूळचा तोच. आता बऱ्याच गाड्यांत घासणारी पट्टी जाऊन चुंबकावर चालणारा सेन्सर आलाय, पण हिशेब तोच राहिला. 5 व्होल्ट द्यायचे आणि पाय किती खाली गेला त्या प्रमाणात व्होल्टेज परत घ्यायचं. आणि सेन्सर एक नसतो, दोन असतात. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्याचं व्होल्टेज पहिल्याच्या बरोबर निम्मं असतं. कॉम्प्युटर दोघांची साक्ष ताडून बघतो. एक म्हणाला पाय अर्धा दाबलाय आणि दुसरा म्हणाला दाबलाच नाही, तर तो कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि गाडी लिंप मोडमध्ये टाकतो. म्हणजे लंगडत घरी जा, पळू नको.

गाडी काय म्हणते?

आता त्या रस्त्याच्या कडेला परत या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि ड्रायव्हरनं हळूहळू रेस दिली. इथं कान द्यायचा.

इंजिनचा आवाज नीट चढतो, पण गिअर टाकल्यावर आवाज वाढूनही गाडी वेग घेत नाही? मग रेसचा प्रश्नच नाही, क्लच घसरतोय. जळक्या वासावरूनही कळतं. डिझेल फिल्टर बदलून काही होणार नाही.

न्यूट्रलला चढतो, पण माणसं भरून चढावर लागली की दम तोडते, गचके देते आणि धूर फारसा नाही? डिझेल कमी पडतंय. फिल्टर तुंबलाय, लाइननं एअर धरलीय किंवा पाणी आलंय. फिल्टरच्या खालच्या स्क्रूतून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाला वेगळं दिसतं, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं. एअर बघायची तर मिस्त्री इंजिन बंद करून फिल्टरच्या अलीकडच्या कमी दाबाच्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवतात. इंजिन चालू झालं की बुडबुडे दिसतात.

दम तोडते आणि मागून काळा धूर सोडते? मग डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आपल्याकडे हे जरा जास्तच होतं. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, आणि जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत कापसाचा भुसभुशीत तंतू. फिल्टर स्वच्छ असेल तर टर्बोपासून निघणारे रबरी होज बघा. एखादा फाटला असेल किंवा त्याची क्लिप ढिली असेल तर रेस देताना फुस्स असा आवाज येतो. ईजीआरची झडप उघडीच अडकली तरी असाच काळा धूर निघतो, कारण ताज्या हवेच्या जागी जळलेला धूरच पुन्हा आत जात राहतो.

आणि चौथा प्रकार. न्यूट्रललासुद्धा आवाज चढतच नाही. धूर नाही, गचके नाहीत, इंजिन एका लयीत, कधी नेहमीपेक्षा जरा वरच्या आवाजात, पण पायाशी त्याचं नातंच तुटलेलं. हा निरोपाचा प्रश्न. डिझेल कमी पडलेलं इंजिन इतकं शांत बसत नाही. ते अडखळतं, गुचक्या देतं आणि बहुतेक वेळा बंद पडतं.

मामांची गाडी हा चौथा प्रकार होती. म्हणजे फिल्टर, ईजीआर आणि पंप यांच्यावर हात टाकायचं कारणच नव्हतं.

मग दोन गॅरेजं चुकली कशी? त्यांना अगदीच नावं ठेवता येणार नाहीत. मामांनी सांगितलं होतं, "बंद करून परत चालू केली की चालती." ही खूण फसवी आहे. कॉम्प्युटरचा घोळ असेल तर बंद-चालू केल्यावर तो नव्यानं तपासणी करतो आणि गाडी सुटते, मोबाईल रिस्टार्ट केल्यासारखी. पण टाकीत चिंधी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा पडला असेल तरी अगदी हेच होतं. इंजिन चालू असताना तो तुकडा ओढला जाऊन नळीच्या तोंडाला चिकटतो, बंद केलं की गळून पडतो आणि पुढचे काही किलोमीटर सगळं ठीक. पहिल्या मिस्त्रीच्या डोक्यात हेच असणार. फक्त त्यानं "बंद पडायच्या आधी गचके देती का?" एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

काका, तुमची लाइट…

तिसरा मिस्त्री उमरीतलाच. वय आमच्याएवढंच वाटावं असं. दहावीनंतर आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ केलेला (तो कोर्स एका वर्षाचा असतो), मग काही वर्षं नांदेडच्या गॅरेजमध्ये. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. मामांना चहा दिला आणि विचारत बसला.

"मामा, हे कधी होतंय? थंड गाडीला का गरम?"

"कवाबी होतंय."

"खड्ड्यातून गेल्यावर? का ब्रेक मारल्यावर?"

मामा थांबले. "ब्रेक मारून परत रेस देताना. जास्ती करून."

"मागची ब्रेक लाइट कुणी बघितली का?"

इथं मला घाम फुटला. आठवडाभर आधी आमच्या मागून बाईकवर येणारा वर्गातला एक जण कॉलेजच्या गेटवर मला म्हणाला होता, "अरे, तुझ्या मामांची ब्रेक लाइट सारखी चालूच असते, बॅटरी उतरायची." मी हसून सोडून दिलं होतं. मामांना सांगितलं नाही. गाडीतल्या कुणालाच ती लाइट दिसत नाही, दिसते फक्त मागच्याला. म्हणजे अकरा हजारांचं उत्तर माझ्याकडे होतं आणि मला तो प्रश्नच माहीत नव्हता.

मिस्त्रीनं मोबाईलचा टॉर्च लावून ब्रेक पेडलच्या वर डोकं घातलं. तिथं एक छोटा स्विच असतो. पेडल वर असताना पेडलची दांडी त्याची काडी आत दाबून धरते, पेडल खाली गेलं की काडी बाहेर येते आणि मागची लाइट लागते. दांडी आणि काडी यांच्या मध्ये बोटाच्या नखाएवढं रबराचं बटण बसवलेलं असतं. आमचं बटण वाळून फुटलं होतं. अर्धं खाली मॅटवर पडलेलं, अर्धं जागेवर. त्यामुळे काडी कधी दाबली जायची, कधी भोकातून बाहेर राहायची. गाडीचा समज, ब्रेक दाबलेलाच आहे.

पण ब्रेकच्या स्विचचा रेसशी काय संबंध? बऱ्याच नव्या गाड्यांत हा स्विच फक्त लाइटसाठी नसतो, कॉम्प्युटरही तो वाचतो. ब्रेक आणि रेस दोन्ही एकदम दाबल्यासारखी दिसली तर ऐकायचं कुणाचं? ब्रेकचं. पेडल मॅटमध्ये अडकलं, सेन्सर बिघडला, काहीही झालं तरी ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली पाहिजे. 2009-10 मध्ये गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींवरून टोयोटाला अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि त्यानंतर तिनं नव्या गाड्यांत ही ‘ब्रेकचं आधी’ची सोय सरसकट दिली. म्हणजे मामांची व्हॅन बिघडलीच नव्हती. चुकीच्या बातमीवर ती अगदी शहाण्यासारखी वागत होती.

मिस्त्रीनं तरी घाई केली नाही. मल्टिमीटर लावून आधी पेडल सेन्सर बघितला. पाय हळूहळू दाबत न्यायचा आणि आकडा सलग चढतो का, मध्येच उडी मारतो का ते बघायचं. सलग चढला. वायरिंग उंदरानं कुरतडलंय का तेही पाहिलं, कारण शेतात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते नेहमीचंच. मग स्विच नवा, रबर नवं. आम्ही मागे जाऊन उभे राहिलो. लाइट लागली, विझली. लागली, विझली.

दुसऱ्या गॅरेजनं उडवलेल्या कोडाबद्दलही तो बोलला. बहुधा तो पी 0504 असणार, म्हणजे ब्रेक स्विचच्या दोन जोडण्यांचं एकमेकींशी पटत नाही. पेडलच्या दोन सेन्सरचं पटलं नाही तर पी 2138 येतो, रेलमधला दाब कमी पडला तर पी 0087, टर्बोची हवा कमी पडली तर पी 0299. तुमच्या गाडीला कुणी स्कॅनर लावला तर कोड उडवण्याआधी स्क्रीनचा फोटो काढून घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगतो. आणि कोड म्हणजे निकाल नव्हे. पी 0087 आला म्हणजे पंप गेला असं नाही. तुंबलेला फिल्टर किंवा गळणारा इंजेक्टरसुद्धा तोच कोड देतो.

बोट घालू नका

हे वाचून कुणी पान्हा घेऊन उठणार असेल तर जरा थांबा. कॉमन रेल डिझेलमध्ये पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या पोलादी नळ्यांत, इंजिन नुसतं चालू असतानाच साधारण 250 ते 300 बार दाब असतो आणि पूर्ण रेसला 1600 बारच्या पुढे जातो. कारच्या टायरात असतो जेमतेम 2 ते अडीच बार. जुन्या गाड्यांत नोजलची लाइन ढिली करून ‘कुठला सिलिंडर मारत नाही’ ते बघायची पद्धत होती. नव्या गाडीत ती जिवावर बेतेल. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत मांस सडतं. गळती कुठं आहे ते बोटानं चाचपू नका. असं काही झालंच तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना.

या इंजेक्टरच्या तोंडाची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात. नाशिकला ‘मायको सर्कल’ आहे ना, ते नाव बॉशच्या भारतातल्या जुन्या नावावरून पडलं, आणि तिच्या सातपूरच्या कारखान्यात हेच नोजल-इंजेक्टर बनत आलेत. एवढ्या बारीक भोकाला कॅनमधलं गाळ बसलेलं डिझेल पाजलं तर काय होईल, ते सांगायला नको.

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत आणखी एक पाहुणा आहे. सायलेन्सरच्या वाटेतला डीपीएफ. तो काजळी अडवून धरतो आणि इंजिन पुरेसं तापलं की ती जाळून टाकतो. पण दर दोन किलोमीटरला थांबून पोरं घेणारी व्हॅन पुरेशी तापतच नाही. काजळी साचत जाते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो दुर्लक्षिला की गाडी लंगडायला लागते. दिवा नुसता लागलेला असताना मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एकसारखी चालवली तर बहुतेक वेळा काम होतं. "काढून टाकू, पिकअप वाढंल" म्हणणारे भेटतील. ते बेकायदा आहे, आणि तो काळा धूर मागच्या बाईकवाल्याच्या नाकात जातो. तो बाईकवाला आमच्या किती कामी आला, ते वर वाचलंतच.

म्हणून पुढच्या वेळी तुमची व्हॅन, काळीपिवळी, जी काही असेल ती, रस्त्यात अशी रुसली, तर मोबाईल खिशातून काढाच. रील टाकायला नको, नोंद करायला. आवाज चढतो का, धूर कुठल्या रंगाचा, कुठले दिवे लागलेत, आधी ब्रेक होता का खड्डा, मागची लाइट काय म्हणते. पण त्याही आधी गाडी पूर्ण कडेला, चारी इंडिकेटर चालू आणि सगळे रस्त्यापासून लांब.

आमच्या व्हॅनला आता नियम आहे. सकाळी पहिल्या स्टॉपवर जो चढेल त्यानं आधी मागे उभं राहायचं, मामा ब्रेक दाबतात, तो ओरडतो, "लागली! विझली!" आणि मग चढतो. पहिला स्टॉप माझाच आहे.